नकांडू घरीच आहे

बा साम्पा सायकलवरून उतरला की आधी टोपी काढायचा, मग पँटच्या पायाला लावलेला कपड्यांचा चिमटा काढायचा, आणि मग मला शिवी द्यायचा. नावाआधी ‘बा’ लावायचं ते आदराचं, तेवढं मी लावते. बाकी आमचं अरेतुरेच. तो बेम्बा जमातीचा, मी न्गोनी. आमच्या पणजोबांनी एकमेकांची गावं जाळली, त्याची फेड म्हणून आता कुठल्याही बेम्बाने कुठल्याही न्गोनीला तोंडावर वाटेल ते बोलावं आणि उलटही. राग धरायचा नाही, अगदी मयताच्या घरीसुद्धा नाही. तो मला उंदीरखाऊ म्हणायचा, मी त्याला माकडखाऊ म्हणायची, आणि मग आम्ही कामाला लागायचो. सोळा वर्षं हेच चाललं.

आमचं काम म्हणजे न्डोला शहरात राहणाऱ्या किती माणसांना दर वर्षी नव्याने कॅन्सर झाला ते मोजायचं. इस्पितळाच्या मागे, लॅबच्या अंगाला एक लांबट खोली होती, तीन लोखंडी कपाटं आणि एक कॉम्प्युटर. लॅबच्या वहीतून, वॉर्डांच्या वह्यांतून, मृत्यूच्या दाखल्यांतून नावं उतरवून घ्यायची. एकच बाई तीन वह्यांत तीनदा सापडते. तिला तीनदा मोजलं तर शहरात आहे त्याच्या तिप्पट कॅन्सर दिसणार. म्हणून नाव, वय, वस्ती, अवयव जुळवून बघायचं आणि जुळलं की एका माणसाची एकच ओळ करायची. हे खुर्चीत बसून व्हायचं, ते माझ्याकडे. उन्हातान्हाचं काम बा साम्पाकडे. वर्षातून एकदा प्रत्येक ओळीतल्या माणसाच्या घरी जायचं, तो आहे की गेला ते बघायचं, आणि त्या वर्षाच्या रकान्यात लिहायचं.

मेला का, असं त्याने कधी कुणाला विचारलं नाही. कुंपणाबाहेर उभा राहून हाक द्यायचा, बसायला दिलं की बसायचा, पाणी प्यायचा, मक्याचं कसं काय ते विचारायचा. मग हळूच म्हणायचा, अमुक घरी आहेत का. कुणी म्हणे, आहेत, बाजारात गेल्यात. कुठे बायका काही न बोलता जमिनीवर बसून घेत, तेव्हा तो पुन्हा टोपी काढायचा. तारीख मात्र घेऊनच उठायचा. सायकलवर वही बांधलेला हा माणूस गल्लीत शिरला की लोक पोरांना आत घ्यायचे. याने नाव विचारलं की ते माणूस वर्षभरात जातं, असं बोलायचे. मसाला नावाच्या वस्तीत एक बाई तो गेल्यावर त्याची पावलं उमटलेली जागा पाण्याने धुवून काढायची. ती जिवंत होती तोवर दर वर्षी धुवायची. त्याला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, धुवू दे, धूळ तरी बसते.

त्याला बायको होती, ती कधीच गेली होती सोडून. चिफुबूत बहिणीचं घर, तेच त्याचं घर. आमच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, तशी ही बाना चिसोमा, म्हणजे चिसोमाची आई. बेम्बांत वंश आईकडून चालतो. बहिणीची मुलं मामाची, त्यांच्या बाबतीत शेवटचा शब्दही मामाचा. चिसोमा ही त्या घरातली एकुलती पोर, बाजारात वेण्या घालायची टपरी होती तिची. बाना चिसोमा रोज भावाच्या डब्यात माझ्यासाठीही शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याच्या पानांची भाजी घालायची. सोळा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि तिचं स्वतःचं नाव काय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

२०१२ च्या मे महिन्यात ती गेली. छातीचा कॅन्सर, कळला तेव्हा फुप्फुसात पोचला होता. मी मयताला गेले. चेष्टेच्या नात्याने जे करायचं ते केलं. खड्डा खणणाऱ्यांच्या हातातली कुदळ पळवली, सरणार कधी तुमचं माकडांनो, म्हणून ओरडले. बायका रडता रडता हसल्या. त्यासाठीच तर आम्हाला ठेवलंय.

ऑगस्टात लुसाकाहून डॉक्टर मुबिता यांचा फोन आला. त्यांना अशा बायका हव्या होत्या ज्यांना छातीचा कॅन्सर होऊन दहा वर्षं उलटली आणि तरी ज्या जगल्यात. मी कॉम्प्युटरला विचारलं. पाच निघाल्या. चौघी दहा-बारा वर्षांच्या. पाचवी म्हणजे नकांडू कापासा, वस्ती चिफुबू, नोंद १९९१. एकवीस वर्षं. डॉक्टरीणबाईंनी मला आकडा परत सांगायला लावला. मग म्हणाल्या, या बाईला मला भेटायचंच आहे, तिचं रक्त घ्यायचं आहे, काय करून जगली ते बघायचं आहे.

मी तिचं जुनं कार्ड कपाटातून काढलं. दुपारचे बारा वाजले असतील, बाहेर लखलखीत ऊन. कार्डावर लिहिलं होतं, १९९१, वय बावन्न, डावा स्तन, काढून टाकला. त्याखाली २००१, उजवा स्तन. होतं असं, एका बाजूला झाला की दुसऱ्या बाजूला होऊ शकतो. त्याखाली पिन लावून याच वर्षीची लॅबची चिठ्ठी होती. नकांडू कापासा, चिफुबू, डावा स्तन.

मी परत वाचलं. काढून टाकलेल्या जागी पुन्हा गाठ येते, ते मला ठाऊक आहे. पण चिठ्ठीत गाठ कुठून घेतली ते लिहिलं होतं, अख्खा स्तन लिहिला होता, मापासकट. वय सेहेचाळीस. एक्क्याण्णव साली बावन्न वर्षांची असलेली बाई एकवीस वर्षांनी सेहेचाळीस वर्षांची झाली होती आणि तिला कापलेला स्तन परत आला होता.

मग मी रकाने बघितले. सगळे बा साम्पाच्या अक्षरात, सुबक. घरी आहे. घरी आहे. १९९३ रिकामा. १९९४, घरी आहे. मग आठ वर्षं ओळीने घरी आहे. २००३ रिकामा. २००४ ते २०११, घरी आहे. आणि यंदाचा पुन्हा रिकामा. त्याच्या हातून रकाना सुटणं शक्यच नव्हतं. इतर कुठल्या ओळीत एकही सुटलेला नव्हता. खिडकी उघडीच होती, तरी मी उठून दारही उघडून ठेवलं.

तो तीनच्या सुमारास आला. टोपी काढली, चिमटा काढला. शिवी द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात मी कार्ड पुढे केलं आणि विचारलं, यंदाचा रकाना का राहिलाय.

“शनिवारी भरतो,” तो म्हणाला.

शनिवारी काय आहे, असं मी विचारलं.

“शनिवारी ती घरी येतेय.”

मावशी बसने येतेय, असं म्हणावं तितक्या सहज तो हे म्हणाला. आणि मला आठवलं की शनिवारचं आमंत्रण मलाही होतं. बाना चिसोमाचं नाव द्यायचं होतं शनिवारी. बेम्बांत माणूस गेलं की त्याचं नाव बाहेर राहतं, उघड्यावर. काही महिन्यांनी घरातल्या कुणाला तरी चटईवर बसवतात, पिठाचं पाणी शिंपडतात, मनगटाला पांढरे मणी बांधतात, आणि ते नाव त्याच्या अंगावर घालतात. त्या घडीपासून तो माणूस म्हणजे तो गेलेला माणूस. त्याची मुलं ह्याला बाप म्हणतात, त्याचे भाऊ ह्याला भाऊ म्हणतात. मी असे पन्नास कार्यक्रम पाहिलेत, मक्याच्या पिठाची न्शिमा जेवून घरी आलेय, आणि मेंदू मात्र कधी चालवला नाही.

पहिली नकांडू ही त्याची थोरली मावशी. ती ९३ साली गेली, तिचं नाव त्याच्या आईने घेतलं. आई २००३ साली गेली, ते बहिणीने घेतलं. मी म्हटलं, अरे म्हणजे या तीन बायका झाल्या.

“एक,” तो म्हणाला.

मी म्हटलं, तीन छाताडं, तीन खड्डे, मोजायला बसलायस ना तू इथे? त्यावर तो चिडला नाही, समजुतीच्या सुरात बोलत राहिला. तो स्वतः आठ वर्षांचा असताना त्याच्यावर मामाचं नाव घातलं होतं. साम्पा एकाहत्तर साली मेला आणि तो साम्पा मीच, यात त्याला काही वेगळं वाटत नव्हतं. दर वर्षी तो स्वतःच्याच घराच्या कुंपणाबाहेर उभा राहून, नियमाप्रमाणे, हाक द्यायचा. नकांडू घरी आहे का? आतून आवाज यायचा, आहे. मग मी काय लिहायचं होतं, त्याने मला विचारलं. एकदाही खोटं लिहिलं नाही, म्हणाला. नाव बाहेर होतं त्या वर्षी रकाना रिकामा ठेवला.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. मागच्या वर्षी बहिणीने त्याला पहिल्यांदा दुखण्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, जुन्या जागी दुखतंय. “तिचं तर कधी काही कापलं नव्हतं, एस्नार्ट. जुनी जागा कुठली?” त्याने मला नावाने हाक मारलेली मला आठवत नव्हती.

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी रागावते, हा माझा स्वभावच आहे. मी त्याला फाडफाड बोलले. म्हटलं, नाव आणि रक्त तुमच्यात एकाच वाटेने चालतं, आईकडून मुलीकडे, बहिणीकडून बहिणीकडे. काही घराण्यांत हा आजार रक्तातून उतरतो, डॉक्टरांना विचार. या तीन ओळी असत्या तर दहा वर्षांपूर्वी कुणाच्याही लक्षात आलं असतं की आधी मावशी, मग आई, आता बहिणीला बोलवा, तपासा. तू एकच ओळ ठेवलीस. तुझ्या त्या ओळीखाली तुझी बहीण गेली.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ते मला तेव्हाही कळलं. दुसऱ्या वेळी मीच त्या दोन नोंदी जुळवून जोडल्या होत्या, नाव जुळलं, वस्ती जुळली, माझीच सही होती त्यावर. पण तेव्हा मला ते आठवलं नाही, किंवा आठवलं आणि मी गिळलं. त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. सायकल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. म्हणाला, बस, तीन कर. मी कॉम्प्युटर लावला. तो शेजारी उभा राहून तारखा सांगत गेला, वही न बघता. चौदा मार्च त्र्याण्णव. दोन जुलै दोन हजार तीन. एकोणीस मे. प्रत्येक तारखेनंतर मी ‘गेली’ टाइप केलं की त्याच्या श्वासाचा आवाज यायचा. संपल्यावर तो म्हणाला, आज एका सकाळीत मी तिघींना मारलं. मग खुर्चीत बसला आणि रडला. मीही रडले. चहा केला.

शनिवारी नाव चिसोमाला मिळणार होतं. तेवीस वर्षांची पोर. मी तिच्या टपरीवर गेले आणि म्हटलं, चल माझ्याबरोबर, डॉक्टरला दाखवून येऊ. ती एका गिऱ्हाइकाच्या वेण्या घालत होती, हात न थांबवता म्हणाली, शनिवारनंतर येते. मी विचारलं, तुला ते नाव हवंय का? ती म्हणाली, तीन महिने झाले, त्या घरात कुणाला आई म्हणून हाक मारलेली नाही, रात्री भांडं पडलं तरी आम्ही बघायला उठत नाही, कारण ती बाहेर उभी आहे, आम्हाला माहीत आहे. तिला आत घ्यायचं आहे. ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती, आणि गिऱ्हाईक बाई मान हलवत होती.

बा साम्पा शनिवारपर्यंत माझ्याशी त्या विषयावर बोलला नाही. मामा तोच, तो नको म्हणाला असता तर चिसोमावर नाव घातलं नसतं. पण मग ते कुणावर घालायचं, बाहेर तर ठेवता येत नाही. मला वाटलं, हा ऐनवेळी गप्प बसणार.

शनिवारी दुपारी अंगणात तीसेक माणसं होती. चटई घातली होती. घरातली सगळ्यात म्हातारी, आजी कासोंदे, पिठाच्या पाण्याची वाटी घेऊन बसली होती. चिसोमा पांढरं चितेंगे नेसून आली आणि चटईवर बसली. आता बोलले नाही तर संपलंच, असं मला वाटलं. तिथे दुसऱ्या कुणी तोंड उघडलं असतं तर हाकलून दिलं असतं, पण मी न्गोनी. मला अडवायचा अधिकार कुणालाच नव्हता. मी उठून उभी राहिले.

“ए माकडखाऊंनो,” मी म्हटलं, “हे नाव बायकांची छाती खातं. तिघींची खाल्ली. पोरीवर घालू नका. त्यापेक्षा कुत्र्यावर घाला.”

अख्खं अंगण हसून हसून लोळलं. न्गोनीबाई मुंकोयो जास्त प्यायली, कुणी म्हणालं. कुणी शेंगांची टरफलं फेकली. मी वर्षं सांगितली, वयं सांगितली, डावा, उजवा, डावा. जितकं खरं सांगत गेले तितके ते जास्त हसत गेले. मग मला रडू आलं. आणि मयताच्या घरी चेष्टेतल्या नातलगाने खोटंखोटं रडून दाखवायची रीतच आहे, त्यामुळे माझ्या रडण्यावर तर टाळ्या पडल्या. आजी कासोंदेने हसता हसता डोळे पुसले. मी उभी राहून त्या सगळ्यांचे उघडे दात बघत होते.

बा साम्पा हसत नव्हता. तो उठला, चटईपाशी गेला, चिसोमाला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या जागी स्वतः बसला.

“माझ्यावर घाला,” तो म्हणाला.

हसणं थांबलं. आजी म्हणाली की पुरुषावर बाईचं नाव घातलेलं तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. तो म्हणाला, मामा मी आहे, कुणावर घालायचं ते मी ठरवतो. चिसोमा म्हणाली, “मामा, ते माझं आहे.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. तो मनगट पुढे करून बसून राहिला. दोरा त्याच्या मनगटाला पुरेना, दुसरा ओवून आणावा लागला. मग आजीने पाणी शिंपडलं, मणी बांधले. आणि रीतीप्रमाणे पहिली हाक तिलाच मारावी लागली.

“नकांडू, आलीस?”

“आले,” बा साम्पा म्हणाला.

चिसोमा त्याच पावली कुंपणाबाहेर गेली. पुढची पावणेतीन वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलायची. मी दर सहा महिन्यांनी तिला ओढत डॉक्टरकडे न्यायची, ती यायची, तपासून घ्यायची, काही निघायचं नाही. प्रत्येक वेळी परत येताना म्हणायची, त्याने माझी आई घेतली.

बा साम्पा सोमवारी कामावर आला आणि नेहमीसारखी टोपी काढली. पण शिवी दिली नाही. मी माकडखाऊ म्हटलं तर मान वर करून बघितलं, कोणाला म्हणतेय, अशा नजरेने. पुढे कधीच दिली नाही. मला त्या शिवीची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. काही दिवसांनी तो डबा आणू लागला. त्याला चहासुद्धा नीट करता येत नसे. डब्यात शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याच्या पानांची भाजी होती. मी एक घास खाल्ला. मीठ तेच, किंचित कमी. मी पोटाचं निमित्त केलं आणि डबा बाजूला ठेवला. तो म्हणाला, दोन पानं जास्तीची घातली होती तुझ्यासाठी, आणि एवढंसं तोंड करून माझा वाटाही खाल्ला.

२०१५ च्या फेब्रुवारीत एक दिवस त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि शर्टाची बटणं काढली. उजव्या बाजूचं बोंड आत ओढलं गेलं होतं, शेजारी शेंगदाण्याएवढी गाठ. मी किती दिवस झाले विचारलं. मणी बांधले त्याच्या पुढच्या वर्षापासून, म्हणाला. मी त्याला ओरडले, तू, तू या खोलीत बसून दोन वर्षं गप्प राहिलास? मग त्याला समजावून सांगितलं. पुरुषांनाही होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष निघतो. आईकडून जे आलं ते तुझ्यातही होतं, पहिल्यापासून होतं, मण्यांशी काही संबंध नाही. हे मी त्याला सांगत होते की मला, कोण जाणे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तसंही असेल,” तो म्हणाला. “फॉर्म घे.”

मी फॉर्म घेतला. नाव साम्पा लिहिलं, लिंग पुरुष लिहिलं. त्याने नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे चुकलंय. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. मी खोडलं आणि त्याने सांगितलं ते लिहिलं. शेजारच्या कपाटात त्याच नावाची तीन कार्डं होती.

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. जूनमध्ये तो उठेनासा झाला तेव्हा मी चिसोमाच्या टपरीवर गेले. तिला आजारपण ठाऊक होतं, कसलं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिचे हात थांबले. कुठल्या बाजूला, तिने विचारलं. मी म्हटलं, उजव्या. ती गिऱ्हाइकाला म्हणाली, अर्धं डोकं उद्या करते, आणि टपरीवर फडकं टाकलं.

पुरुषांच्या वॉर्डात त्याची खाट खिडकीजवळ होती. आम्ही गेलो तेव्हा तो जागा होता. चिसोमा खाटेच्या पायाशी उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल.

“मायो,” ती म्हणाली.

मायो म्हणजे आई. शेजारच्या दोन खाटांवरच्या माणसांनी वळून बघितलं. बा साम्पाचा आवाज तोवर बसून घोगरा झाला होता. पण तो जे बोलला ते घोगरं नव्हतं. तो आवाज मी ओळखते, डबा परत द्यायला बाना चिसोमाच्या दारात गेले की सोळा वर्षं ऐकलेला आहे.

“आलीस? किती वाट बघायला लावलीस. डॉक्टरला दाखवलंस?”

“मागच्या महिन्यात दाखवलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले. स्वच्छ आहे.”

त्याने डोळे मिटले. मी खाटेची कड धरून उभी होते. चिसोमा त्याच्या उशाशी बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. मग तो पुन्हा बोलला, आता स्वतःच्या फाटक्या आवाजात. म्हणाला, माझ्यानंतर हे कुणावर घालू नका. मातीत जाऊ दे. आजी कासोंदेचं ऐकू नकोस. मला शब्द दे, चिसोमा. एस्नार्टसमोर दे.

चिसोमाने मण्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि कडेने नीट खोचलं.

“ते मी बघेन, मायो,” ती म्हणाली. “तू झोप.”